लिगामेंट दुखावल्यावर नी ब्रेस नेमका किती दिवस घालायचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अष्टमीच्या रात्री गरब्यात फिरकी घेताना डावा गुडघा आत वळला, ‘कट्’ असा आवाज आला, मैदानाबाहेर चालत आलात आणि घरी पोचेपर्यंत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये आतल्या बाजूच्या लिगामेंटला (दोन हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला) म्हणजे एमसीएलला दुसऱ्या ग्रेडची इजा, सांध्याच्या मधलं लिगामेंट म्हणजे एसीएल अर्धवट फाटलेलं, हाडांमधली गादी (मेनिस्कस) मात्र शाबूत. तीन आठवडे पाय सरळ बांधणारा लाँग नी ब्रेस झाला, आता बिजागरीचा ब्रेस घेतलाय आणि तो सारखा पोटरीवर घसरतोय. सासूबाई म्हणतात तीन महिने काढायचा नाही. बँकेतला सहकारी म्हणतो, ब्रेसनेच पाय बारीक होतो, फेकून दे. बडोद्यातल्या मांडवीजवळच्या जुन्या घराचा दगडी जिना उतरताना धस्स होतं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की पुढच्या नवरात्रात ब्रेस घालून खेळता येईल का.

मी राऊपुऱ्यात एकोणीस वर्षं फिजिओथेरपी करते. दसऱ्यानंतरच्या पंधरवड्यात असे गुडघे दर वर्षी येतात. बडोद्याचा गरबा अनवाणी, भल्यामोठ्या गोलात. घामेजलेला तळवा मातीला चिकटतो, पाऊल रुतून राहतं आणि वरचं अंग फिरतं. तो सगळा पीळ गुडघ्यात जातो. फुटबॉलमध्येही एसीएल जातं ते बहुतेक वेळा याच रीतीने, कुणाचा धक्का न लागता. त्यामुळे ‘माझंच काहीतरी चुकलं’ हा विचार आधी मनातून काढा.

आता मूळ प्रश्न. ‘किती दिवस’ याचं उत्तर मी आकड्यात दिलं तर ती तुमची फसवणूक होईल, कारण तुमच्या गुडघ्यात दोन वेगळ्या स्वभावाची लिगामेंट्स दुखावली आहेत आणि ब्रेस दोघांसाठी सारखं काम करत नाही. विचारायचं ते असं: ब्रेस माझ्यासाठी कोणतं काम करतोय, आणि ते काम संपलं हे मी कशावरून ओळखू?

एमसीएल सांध्याच्या बाहेर, आतल्या अंगाला म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूला पट्ट्यासारखं असतं. त्याला रक्तपुरवठा चांगला. फाटलेले धागे जवळ राहिले आणि त्यांच्यावर आडवा ताण आला नाही, तर ते आपण होऊन भरून येतं. पहिल्या ग्रेडला साधारण एक ते तीन आठवडे, दुसऱ्या ग्रेडला चार ते सहा, पूर्ण फाटलं तर त्याहून जास्त. या काळात गुडघा आत कलला की नवी, कच्ची जुळणी पुन्हा ताणली जाते. बिजागरीच्या ब्रेसच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या नेमकं तेच अडवतात आणि पाय वाकवायची मोकळीक मात्र ठेवतात. एमसीएलच्या बाबतीत ब्रेस खरोखर उपयोगी आहे, हे मी छातीठोकपणे सांगते.

एसीएलचं तसं नाही. ते सांध्याच्या मध्यभागी, सांध्यातल्या द्रवात बुडालेलं. इतर जखमेत रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने नवे धागे विणले जातात. इथे ती गुठळी टिकत नाही, म्हणून एसीएलची भरून यायची ताकद कमी. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि फिरताना गुडघा सांभाळणं हे त्याचं काम. बाहेरून बांधलेला ब्रेस हाडाला धरत नाही, तो धरतो कातडी आणि मांसाला. हळू चालताना तो नडगीला थोडंफार आवरतो. पळताना, उडी मारून उतरताना जो जोर येतो त्यापुढे त्याचं काही चालत नाही. अर्धवट फाटलेलं असल्यामुळे तुमच्या एसीएलमध्ये काही धागे काम करत असणार. ते किती, हे एमआरआयपेक्षा डॉक्टरांच्या हाताला जास्त कळतं. सूज उतरल्यावर गुडघा पुन्हा तपासून घ्या, कारण पहिल्या आठवड्यात दुखण्यामुळे स्नायू आखडलेले असतात आणि तपासणी फसवी येते.

दोन्ही एकत्र दुखावलेली असतात तेव्हा सहसा आधी एमसीएलला भरून येऊ देतात, हालचाल आणि ताकद परत आणतात, आणि मग एसीएलचं काय करायचं ते ठरवतात. तुमच्या डॉक्टरांनीही हीच वाट धरलेली दिसते.

दुकानात गोंधळ होतो तो नावांमुळे. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८४ मध्ये ब्रेसचे तीन गट केले होते: दुखापत होऊ नये म्हणून खेळाडू घालतात ते, दुखापतीनंतर किंवा ऑपरेशननंतर हालचाल मोजूनमापून देणारे, आणि लिगामेंट सैल असलेल्या माणसाला वावरताना आधार देणारे. तुम्हाला आत्ता मधला हवा, ज्याच्या बिजागरीवर वाकण्याचे अंश ठरवता येतात. साध्या इलास्टिकच्या नी कॅपने ऊब मिळते, सूज थोडी दबते, पण आडवा ताण अडत नाही. आणि संधिवातात गुडघ्याच्या झिजलेल्या बाजूवरचा भार कमी करणारे ब्रेस येतात, तो पूर्ण निराळा प्रकार. शेजारच्या काकूंना त्याने आराम पडला म्हणून तो तुम्ही घेऊ नका.

लाँग नी ब्रेसबद्दल थोडं स्पष्ट बोलते. पहिले काही दिवस दुखणं आणि सूज जोरात असताना तो सोयीचा असतो. पण पाय सरळ बांधून ठेवला की मांडीचा पुढचा स्नायू भराभर उतरतो आणि सांधा आखडतो. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक कबड्डी खेळणारा मुलगा आला होता. आठ आठवडे लाँग ब्रेसमध्ये होता. तिसऱ्याच आठवड्यात तो मला एकदा दाखवून गेला होता, तेव्हा मी त्याच्या डॉक्टरांना फोन करून ‘आता बिजागरीचा द्यायचा का’ असं विचारायला हवं होतं. मी नवखी होते, धजले नाही. लिगामेंट छान भरलं, पण गुडघा काटकोनातसुद्धा वाकेना. तो वाकवून आणायला आम्हाला तीन महिने लागले, आणि त्याच्या आईचा रोजचा प्रश्न ऐकताना मला फार वाईट वाटायचं. तेव्हापासून मी विचारायला संकोच करत नाही. तुम्हीही डॉक्टरांना विचारा.

म्हणजे सहकाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पाय बारीक होतो त्याला ब्रेसपेक्षा मोठं कारण सूज आहे. सांध्यात पाणी साचलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून येणारा हुकूमच मंदावतो. तुम्ही कितीही ठरवलं तरी स्नायू पुरता आवळत नाही. त्यात पाय वापरणं कमी होतं. ब्रेस घालून व्यायाम केला तर स्नायू टिकतो, आणि ब्रेस फेकून दिला पण व्यायाम केला नाही तरी तो उतरतोच.

आता घसरण्याबद्दल, कारण माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मांडी वर रुंद, खाली निमुळती. ब्रेस तिच्यावर बसतो तो उलट्या शंकूवर चढवल्यासारखा, म्हणून चालताना खाली येणारच. त्याला खरा टेकू मिळतो पोटरीच्या फुगवट्यावर. म्हणून बांधायचा क्रम महत्त्वाचा. खुर्चीच्या कडेला बसा, गुडघा थोडा वाकवून टाच जमिनीवर ठेवा. वाटीचा मध्य बोटाने चाचपा आणि बिजागरीचा मध्य त्याच पातळीला, किंवा अगदी किंचित वर, दोन्ही बाजूंना सारखा आणा. मग गुडघ्याच्या लगेच खालचा, पोटरीच्या फुगवट्यावरचा पट्टा आधी आवळा. त्यानंतर सगळ्यात खालचा. मग मांडीचे दोन. कंपनीने पट्ट्यांवर आकडे घातले असतील तर तो क्रम पाळा. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. उभं राहून दहा पावलं चाला आणि पुन्हा एकदा खालचा पट्टा ओढून घ्या.

बाबाजीपुऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका ‘ब्रेसने गुडघा जास्तच दुखतो’ म्हणत आल्या होत्या. बिजागरी तीन बोटं खाली होती. गुडघा एका ठिकाणी वाकत होता आणि ब्रेस दुसऱ्या ठिकाणी, त्यामुळे प्रत्येक पावलाला पट्टी नडगीवर घासत होती. मी बॉलपेनने त्यांच्या कातडीवर वाटीच्या मध्याला आडवी रेघ मारली आणि सांगितलं, रोज बिजागरी या रेघेवर आणायची, रेघ पुसली की पुन्हा मारायची. दुखणं चार दिवसांत गेलं. तुम्हीही अशी रेघ मारून बघा. तरी घसरला तर साइझ चुकलाय. दुकानात नुसता गुडघ्याचा घेर मोजतात, पण बिजागरीच्या ब्रेसला वाटीच्या मध्यापासून साधारण १५ सेंटिमीटर वर मांडीचा आणि तितकाच खाली पोटरीचा घेर लागतो. आणि सूज उतरल्यावर, मांडी बारीक झाल्यावर घेर बदलतो, म्हणून पुन्हा मोजा.

पट्टा घट्ट आवळला की आधार जास्त मिळतो, असा समज आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, एक हाडाचा गोटा हाताला लागतो. त्याच्या लगतच्या मानेला वळसा घालून एक नस (मज्जातंतू) अगदी कातडीखालून जाते. तिथे पट्टा रुतला तर पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो आणि पुढे पाऊल वर उचलेनासं होतं. असं काही जाणवलं तर पट्टा लगेच सैल करा आणि त्याच दिवशी दाखवा. आत सुती स्टॉकिनेट किंवा जुन्या बनियनची नळी घाला, ब्रेस कातडीवर थेट नको. तुम्हाला थंडीचे दिवस मिळताहेत हे बरं. आपल्या उन्हाळ्यात घामाने पट्ट्यांखाली पुरळ येतं ते वेगळंच. धुताना वेलक्रो बंद करून कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, आणि वाळवायचा सावलीत.

रोजचं वावरणं कसं? चालताना, जिन्यावर, बँकेत, बाजारात ब्रेस घाला. घरात बसल्या जागी, अंघोळीला आणि व्यायामाला काढायला हरकत नसते, पण डॉक्टरांनी रात्रीही ठेवायला सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नका. त्याने बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि शेवटचे पाच-दहा अंश सरळ होत नाहीत; मग लंगडणं सुटत नाही. मांडी घालून बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, जमिनीवर बसून भाजी निवडणं सध्या बंद. पूर्ण वाकणं आणि वर पीळ, दोन्ही एकदम होतात. अॅक्टिव्हाही नको. सिग्नलला डावा पाय टेकवताना गाडी कलली तर तो झटका नेमका एमसीएलवर बसतो.

तुमच्या दगडी जिन्याला कठडा आहे की नुसती भिंत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कठडा असेल तर त्याला धरा, नसेल तर उजव्या हातात काठी घ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एका पायरीवर दोन्ही पाय. जुन्या वाड्यांच्या पायऱ्या उंच असतात, त्यामुळे उतरताना भीती वाटते ती काही मनाची नाही. त्या क्षणी मांडीचा पुढचा स्नायू सगळं वजन आवरून धरतो, आणि तुमचा तो स्नायू आत्ता कमजोर आहे.

म्हणून त्याच्याकडे वळू. गुंडाळलेला टॉवेल गुडघ्याखाली ठेवा, पाय सरळ, आणि टॉवेल जमिनीत दाबल्यासारखा करून मांडी आवळा. पाच ते दहा सेकंद धरा, दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. वाटी वर सरकताना दिसली पाहिजे. हात मांडीच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा वर ठेवा. तिथला स्नायू दगडासारखा होतो की लोण्यासारखा राहतो ते बघा आणि उजव्या पायाशी ताडून पाहा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. उचलताना गुडघा किंचितही वाकला तर स्नायू अजून तयार नाही. टाच बिछान्यावर सरकवत गुडघा वाकवणं, दुखण्याच्या अलीकडे थांबून. पुढचे व्यायाम, अर्धी बैठक, एका पायावर तोल, पायरीवरून हळू उतरणं, हे समोर बघूनच द्यावे लागतात. ते मी इथे लिहून देणार नाही.

मालिशचंही कुणीतरी सुचवलं असेल. आपल्या गावाला व्यायामगुरू राजरत्न माणिकरावांच्या आखाड्याचा वारसा आहे, मुरगळलेला पाय घेऊन लोक तिथे जात असत अशा आठवणी मी आजोबांच्या पिढीकडून ऐकत मोठी झाले. त्या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एमसीएल ताजं फाटलेलं असताना जोर लावून चोळणं आणि गुडघा ओढणं नको. जुळत आलेले धागे त्याने पुन्हा सुटतात.

मग ब्रेस सोडायचा कधी? मी चार गोष्टी बघते. सरळ पाय उचलताना गुडघा वाकत नाही. वाटीच्या आतल्या बाजूची खळी परत दिसू लागलीय आणि दिवसभर वावरूनही संध्याकाळी ती भरत नाही. आतल्या बाजूला दाबल्यावर दुखत नाही आणि तपासणीत गुडघा आत कलत नाही. आणि ब्रेस काढून घरात चालताना लंगड नाही. चारही जमलं की आधी घरात काढायचा, आठवड्याने सपाट रस्त्यावर, कमाटी बागेत सकाळी गर्दी नसताना, आणि जिना व बाजारासाठी सगळ्यात शेवटी. दुसऱ्या ग्रेडच्या एमसीएलला हे बहुधा सहा आठवड्यांच्या आसपास होतं, पण एखाद्याला आठ लागतात. सासूबाईंचे तीन महिने काळजीपोटी आलेत. त्यांना ही चार लक्षणं समजावून सांगा, म्हणजे त्याही रोज तुमच्याबरोबर खळी बघतील.

एसीएलसाठी ऑपरेशन लागेल का, याला मी इथून हो किंवा नाही म्हणू शकत नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, धडधाकट माणसांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं एसीएल ताजं गेलेलं होतं. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना व्यायाम आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांनी सांगितलेलं दुखणं आणि वावरणं सारखंच होतं. पाच वर्षांत दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्यांनी ऑपरेशन करून घेतलं, उरलेल्यांना लागलं नाही. तुम्ही कोणत्या निम्म्यात, हे पुढच्या तीन महिन्यांत कळेल: ताकद आल्यावरही गुडघा दगा देतो का, यावरून. देत असेल तर ब्रेस घालून दिवस काढू नका, कारण प्रत्येक दगा गादीला इजा करू शकतो.

इंटरनेटवर तुम्हाला ऑस्ट्रेलियातली एक पद्धत दिसेल. गुडघा काटकोनात चार आठवडे बांधून ठेवायचा आणि बाराव्या आठवड्यापर्यंत हळूहळू मोकळा करायचा. २०२३ मध्ये ८० रुग्णांचा अहवाल आला, त्यांतल्या ९० टक्क्यांच्या एमआरआयमध्ये एसीएल जुळल्याच्या खुणा होत्या. मला तो वाचून आनंद झाला. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, सुरुवात दुखापतीनंतर लवकर करावी लागते, आणि पाय इतके दिवस वाकवून बांधल्यावर शिरेत गुठळी होऊ नये म्हणून औषधं द्यावी लागतात. घरच्या घरी हा प्रयोग मुळीच करू नका.

काही लक्षणांत वाट बघायची नाही. पोटरी दुखून ताठर झाली, सुजली, गरम लागली तर गुठळीची शंका घेऊन लगेच जायचं. दम लागत असेल तर थेट इमर्जन्सीत. गुडघा एका जागी अडकून सरळ होईनासा झाला तर गादीचा तुकडा मध्ये आलेला असू शकतो, एमआरआय आधी चांगला आला असला तरी. आणि ताप येऊन गुडघा लाल, गरम झाला तरीही.

आता नवरात्र. ब्रेसच्या जोरावर खेळू नका, हे माझं ठाम मत. ब्रेसमुळे धीर येतो आणि तयार नसलेला गुडघा फिरकीत जातो. दोन्ही पायांची ताकद नव्वद टक्क्यांहून अधिक सारखी, एका पायावर उडी मारून स्थिर उतरणं, आणि दिशा बदलताना न बिचकणं, हे जमलं तर ब्रेसशिवायही खेळता येईल; वाटलं तर मनाच्या समाधानासाठी घाला. ऑपरेशन झालं तर निदान नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय नाही, कारण त्याआधी परतणाऱ्यांमध्ये गुडघा पुन्हा जायचं प्रमाण बरंच जास्त आढळलंय. मग पुढचं नवरात्र कदाचित बसून बघावं लागेल. तुमच्या वयाच्या बाईला हे किती लागतं ते मला ठाऊक आहे. सुरुवात करायची तेव्हा साध्या दोन टाळ्यांच्या बेताळीने, बाहेरच्या मोकळ्या गोलात, अर्धा तास; दोढियुंची पावलं आणि फिरकी त्या वर्षी राहू द्या.

उद्या सकाळी टेप घेऊन वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजा आणि इथे लिहा. दोन सेंटिमीटरचा फरक निघाला तरी घाबरू नका, साडेतीन आठवड्यांनी तो निघतोच. सोबत दोन गोष्टी सांगा: गुडघा पूर्ण सरळ होतो का, आणि दुखापतीनंतर आजवर एकदा तरी खालून निसटल्यासारखा वाटला का. त्यावरून पुढचं बोलू.